ऐन तारुण्यातील पक्षाघात : कारणे आणि खबरदारी

पक्षाघात अथवा अर्धांगवायू हा म्हातारपणीचा आजार, अशी सर्वसामान्य समजूत आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. जगभरातील पक्षाघाताच्या रुग्णांपैकी साधारणतः १० ते १५ टक्के रुग्ण पन्नाशीच्या आतील असतात. एखाद्या तरुणाचे तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर ‘वारे गेले’ असे म्हणून तेलाने चोळण्यात किंवा ‘अशक्तपणा असेल’ म्हणून निजविण्यात वेळ दवडला जातो. या आजारात मौल्यवान असतो तो नेमका हाच वेळ.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के; परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. रक्ताच्या गुठळीमुळे मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली, की उपचाराअभावी दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

तरुणांमध्ये या आजाराची कारणे दोन प्रकारची असतात. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, धूम्रपान, मद्यपान, स्थूलता ही कारणे वृद्धांप्रमाणे तरुणांतही आढळतात. तपासणीच न झाल्याने रक्तदाब वाढल्याचे अनेकांच्या ध्यानीही येत नाही. दुसरी कारणे प्रामुख्याने तरुण वयातील होत. मानेला हिसका अथवा मार बसल्याने तेथील रक्तवाहिनीचे आतील अस्तर फाटते व तेथे गुठळी धरते. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी झाल्यास हृदयात गुठळी तयार होऊन ती मेंदूकडे जाते. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत मेंदूतील नीलांमध्ये रक्त साकळण्याचा धोका वाढतो. शरीरातील पाणी कमी झाल्यास त्यात भर पडते. म्हणून बाळंतिणीला पाणी कमी देण्याची प्रथा घातक होय. तिची तीव्र डोकेदुखी किंवा झटके कधीही दुर्लक्षू नयेत. सर्व तपासण्या करूनही काही रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही.

वृद्धांच्या तुलनेत तरुण रुग्ण वाचण्याचे व सुधारण्याचे प्रमाण अधिक असते, ही समाधानाची बाब आहे. तथापि, वाचादोष, हाताची दुर्बलता, थकवा, नैराश्य, अपस्मार यांपैकी एखादी व्याधी मागे राहिली, तर कर्त्या माणसाची उमेदीची अनेक वर्षे बाधित होतात आणि कुटुंबाचा आधार डळमळतो.

यावर गावपातळीवर पुष्कळ करता येण्याजोगे आहे. चेहरा एका बाजूला वाकणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक लक्षण अचानक दिसले तरी रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा होता ती वेळ नोंदवावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालयच गाठावे. रुग्णाला खाऊ-पिऊ घालू नये. अ‍ॅस्पिरिनही देऊ नये; कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. लक्षणे काही मिनिटांत ओसरली तरी तो पुढील झटक्याचा इशारा समजावा.

जवळचे असे रुग्णालय कोणते, याची माहिती ग्रामपंचायतीने फलकावर लावावी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तातील साखर आरोग्य केंद्रात तपासली जाईल, हे सदस्यांनी पाहावे. शिक्षकांनी घसा दुखून ताप आलेल्या मुलांना डॉक्टरांकडे पाठवावे. वेळीच दिलेले प्रतिजैविक औषध पुढील हृदयविकार टाळू शकते. तंबाखू व मिश्री यांविरुद्धची शिकवण शाळेतूनच सुरू व्हावी.

गावातील प्रत्येक घराला ही तीन लक्षणे आणि साडेचार तासांची मर्यादा तोंडपाठ झाली, तर कितीतरी तरुण पुन्हा आपल्या पायांवर उभे राहतील.