एक्स्टेन्शन बंद करा आणि दोष शोधा

परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्रात प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. एक संच दुरुस्तीसाठी थांबवला, तरी इतर चालू ठेवता येतात. पण २०१३ च्या दुष्काळात पाणी मिळेना, तेव्हा सगळे केंद्रच बंद ठेवावे लागले. संच वेगवेगळे, पण पाणी सर्वांना सामाईक! संगणकातही असे घडते.

लिनक्स संगणकावर पुष्कळदा ग्नोम हा डेस्कटॉप असतो. वरची पट्टी आणि खिडक्यांची मांडणी सांभाळणारा त्याचा भाग म्हणजे ग्नोम शेल. तो २०११ साली ग्नोम ३ बरोबर आला. त्याला नवे गुण देणारे छोटे प्रोग्राम म्हणजे एक्स्टेन्शन. ते जावास्क्रिप्ट भाषेत लिहितात. तुम्हीही लिहू शकाल.

ही सर्व एक्स्टेन्शन्स शेलच्याच प्रक्रियेत चालतात. त्यामुळे एखादे न संपणाऱ्या चक्रात अडकले, तर सगळा पडदा गोठतो. शेलची आवृत्ती बदलली तरी अडचण येते. २०२३ मधील ग्नोम ४५ साठी जुनी एक्स्टेन्शन्स दुरुस्त करावी लागली, कारण त्यांचे भाग जोडण्याची रीतच बदलली.

बंद करणे म्हणजे पुसून टाकणे नव्हे. प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये दोन कार्ये असतात: 'एनेबल' आणि 'डिसेबल'. बंद करताना शेल दुसरे कार्य चालवते. आपण लावलेले बटण काढणे, सुरू केलेला टायमर थांबवणे, हे काम त्यात लेखकानेच लिहिलेले असावे लागते. ते विसरले तर खुणा मागे राहतात. म्हणून बदल केल्यावर लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करावे.

'एक्स्टेन्शन्स' या प्रोग्रामात प्रत्येकासाठी एक कळ आणि सर्वांसाठी एक मुख्य कळ असते. पडदा गोठला असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. अक्षरांचा काळा पडदा येईल. तेथे आपल्या नावाने लॉग इन करून इंग्रजी अक्षरांत ही आज्ञा द्या: जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.ग्नोम.शेल डिसेबल-यूझर-एक्स्टेन्शन्स ट्रू. तुम्ही घातलेली सर्व एक्स्टेन्शन्स बंद होतील. शेवटच्या शब्दाऐवजी 'फॉल्स' लिहिले की ती पुन्हा चालू होतात.

आता दोषी कोण? समजा, आठ एक्स्टेन्शन्स आहेत आणि दोष एकातच आहे. चार बंद ठेवून चार चालवा. दोष दिसला तर तो चालू असलेल्या चारांत, नाही तर बंद असलेल्या चारांत. मग त्या चारांतील दोन, त्यानंतर एक तपासा. तीन चाचण्यांत उत्तर मिळते! एकेक तपासत गेलो, तर सात चाचण्याही लागल्या असत्या.

विचार करा: सोळा एक्स्टेन्शन्स असतील तर किती चाचण्या? आणि दोन एक्स्टेन्शन्स एकत्र आल्यावरच दोष होत असेल, तर ही रीत कोठे चुकेल?