औषधालयाचे डोमेन नाव : निवड, मालकी व जतन

द्रव्याच्या नावाविषयी वैद्यवर्ग स्वभावतःच सावध असतो. 'ब्राह्मी' एवढेच लिहून दिले, तर कोठे बाकोपा हाती पडते, कोठे मंडूकपर्णी. म्हणून जाणता वैद्य चिठ्ठीवर खुलासा करतो. औषधालयाच्या महाजालावरील नावाबाबत मात्र अशी दक्षता क्वचितच दिसते. संकेतस्थळाचे रंगरूप कसे असावे याची चर्चा बराच काळ चालते; ते नाव नोंदले कोणाच्या नावे, हा प्रश्न राहूनच जातो. प्रस्तुत लेखात आपण याच प्रश्नाचा क्रमशः विचार करणार आहोत.

नाव, जागा आणि मजकूर

महाजालास जोडलेल्या संगणकांचे पत्ते आकड्यांचे असतात. नावावरून असा आकडी पत्ता शोधून देणारी डोमेन नावांची व्यवस्था १९८३ मध्ये आखली गेली. संकेतस्थळाचा विचार करताना तीन गोष्टी भिन्न मानाव्यात : नाव, मजकूर साठविण्याची जागा आणि खुद्द मजकूर. जागा भाड्याची असते आणि ती बदलता येते. मजकुराची प्रत आपल्याजवळ असल्यास तोही पुन्हा मांडता येतो. नाव गेले तर मात्र वेष्टनांवर, पावत्यांवर व रुग्णांच्या वहीत लिहिलेला पत्ता निरर्थक होतो.

दुसऱ्याच्या मोफत जागेवर, त्याच्याच पत्त्याखाली लेखन ठेवणे सोयीचे वाटते. परंतु ती जागा बंद पडल्यास पत्ताही जातो. याहूने जिओसिटीज ही गाजलेली मोफत सेवा २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली, तेव्हा तेथील असंख्य पाने त्या पत्त्यांवरून नाहीशी झाली. ऋतुचर्येवरील किंवा औषधनिर्मितीवरील लेख औषधालयाने स्वतःच्या नावाखाली ठेवले, तर जागा बदलूनही त्यांचे पत्ते कायम राखता येतात.

नावाची निवड

एकाच नावाची दोन औषधालये पुणे व कोल्हापूर येथे सुखाने नांदू शकतात. एक डोमेन नाव मात्र एकाच वेळी एकाच्याच नावे असते. 'च्यवनप्राश' वा 'त्रिफळा' ही शास्त्रीय नावे सर्वांची आहेत. त्यांचे डोमेन मिळाले तरी त्यातून आपली ओळख सिद्ध होत नाही. म्हणून औषधालयाचे रूढ नावच घ्यावे. तत्पूर्वी व्यापारचिन्हांच्या नोंदी तपासाव्यात. सत्यम इन्फोवे प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविण्याविरुद्धचा कायदा डोमेन नावांसही लागू होतो. .इन नावांचे वाद मिटविण्यासाठी स्वतंत्र लवादपद्धतीही आहे.

फेब्रुवारी २००५ पासून .इन नावांची नोंदणी सर्वांस खुली झाली. तिचे व्यवस्थापन निक्सी ही संस्था पाहते. २०१४ पासून .भारत या शेवटासह देवनागरीतही नाव घेता येते. रोमन लिपीत 'वैद्य' वा 'औषधालय' निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिले जात असल्याने रूढ वर्णरचना निवडावी आणि परवडल्यास तिची एखादी पर्यायी रचनाही नोंदवावी.

रोगाचे नाव डोमेनमध्ये घालण्याचा मोह टाळावा. औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ यातील जाहिरातीची व्याख्या व्यापक आहे. मधुमेह व कर्करोग यांसह अनुसूचीतील रोगांवर औषध गुणकारी असल्याचे सुचविणाऱ्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. रोगमुक्तीचे आश्वासन देणारे नाव संकेतस्थळास दिल्यास तेच आक्षेपाचे कारण ठरू शकते.

मालकी

आता मुख्य मुद्दा. बहुधा संकेतस्थळ तयार करणारा कारागीरच घाईने नाव नोंदवितो आणि नोंदणीत धारक म्हणून स्वतःचे नाव व ई-पत्ता घालतो. काम सुरळीत असेतो हे कोणाच्या ध्यानात येत नाही. तो व्यवसाय सोडून गेला, अथवा देण्याघेण्यावरून मतभेद झाला, की पैसे भरणारे औषधालय आणि नोंदीतील धारक भिन्न असल्याचे उघड होते. हक्क सिद्ध करण्यात मग वेळ व पैसा खर्च होतो. तेव्हा पुढील पथ्ये पाळावीत.

१. धारक म्हणून औषधालयाचे, भागीदारीचे किंवा कंपनीचे अधिकृत नावच असावे. कारागिरास तांत्रिक संपर्क म्हणून नोंदविण्यास हरकत नाही.

२. रजिस्ट्रारकडील खाते स्वतः उघडावे. सांकेतिक शब्द मालकाजवळ असावा.

३. त्या खात्याचा ई-पत्ता त्याच डोमेनवरील नसावा. नाव बंद पडल्यास टपालही बंद पडते आणि नूतनीकरणाची सूचना पोहोचत नाही.

४. पावती औषधालयाच्या नावे घेऊन परवान्याच्या कागदांसोबत ठेवावी.

५. वडिलोपार्जित औषधालयाच्या वाटणीपत्रात किंवा भागीदारीच्या करारात डोमेन नावाचा स्पष्ट उल्लेख करावा.

मुदत व नूतनीकरण

नोंदणी एक ते दहा वर्षांची असते. नूतनीकरण न केल्यास हक्क संपतो. .कॉम नावांबाबत मुदतीनंतर ४५ दिवसांपर्यंत नूतनीकरणाची सवलत मिळू शकते, मात्र तिचा काळ रजिस्ट्रारगणिक कमी-अधिक असतो. नाव रद्द झाल्यावर जादा शुल्क भरून ते परत मिळविण्यास ३० दिवस असतात. त्यापुढील ५ दिवसांनी ते कोणासही खुले होते. दरम्यान रजिस्ट्रारने ते लिलावात काढले, तर ही संधीही हुकते.

हा तोटा निव्वळ व्यापारी नाही. सुटलेले नाव परक्याने घेऊन तेथे भलतीच औषधे मांडली, तर जुना रुग्ण आपल्याच वैद्याचे म्हणून ती मागवील. आपल्या नावावरील त्याचा विश्वास त्यालाच अपायकारक ठरेल. यास्तव नोंदणी एकदम काही वर्षांची करावी, आपोआप नूतनीकरणाची सोय चालू ठेवावी आणि बँकेचे कार्ड बदलले की तेथील नोंदही बदलावी.

वाचक औषधालय-चालकांस आमची विनंती एवढीच की, या अंकाचे वाचन संपताच रजिस्ट्रारकडील खाते उघडून धारकाचे नाव, ई-पत्ता व मुदतीची तारीख या तीन नोंदी पाहाव्यात. त्यांपैकी एकही आपल्या हाती नसेल, तर कारागिराशी संबंध सलोख्याचे असतानाच ती दुरुस्त करून घ्यावी.