वाडा सोडावा की राहावं?

प्रश्न : नारायण पेठेत आम्ही तीन पिढ्यांचे भाडेकरू. वाडा धोकादायक असल्याची महापालिकेची नोटीस आली आहे. शेजारी म्हणतात, एकदा बाहेर पडलात की हक्क गेला. काय करावं?

उत्तर : निघा. तुमची भीती खोटी नाही, पण दोन्ही धोके एका मापाचे नाहीत. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे भिजून बसले. तुमच्या वाड्याला एवढं पाणीही लागणार नाही. गळकी मोरी पुरते. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी कुजतं, आणि कडीपाट वरून ठणठणीत दिसत राहतो. टोकाशी हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला, तर त्या खोलीत झोपू नका.

हक्काचं म्हणाल, तर इमारत पडली म्हणून भाडेकरार संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये शहा रतनसी खिमजी खटल्यात दिला आहे. मात्र निकाल खिशात असून भागत नाही, कागद लागतो. (पेठेतले मालक-भाडेकरू दावे किती वर्षं चालतात, हे तुम्हाला मी काय सांगू!) भाडेपावत्या, वीजबिलं जपा. मोजमाप, फोटो घ्या. ताब्यातल्या क्षेत्राची नोंद महापालिकेकडून लेखी मागा, वकिलाला दाखवा. हे सगळं पावसाळ्याआधी उरका.