कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

पोरांनो, नववीच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक काढायला जे आकडे येतात ते निवडून-पाखडून आलेले असतात. आपल्या शाळेच्या वहीतले डोंगरकड्याच्या पावसाचे आकडे तसे येत नाहीत. म्हणून सरासरीची घाई करू नका. आधी आकड्याला विचारा : तुला कोणी मोजलं, कशानं, किती वाजता?

वेळेपासून सुरुवात करा. हवामान खात्याची पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठची. मागच्या २४ तासांत जे पडलं ते त्या सकाळच्या तारखेवर चढतं. रविवारी रात्री धो धो कोसळलेला पाऊस वहीत सोमवारी दिसेल. ‘रविवारी तर आम्ही भिजलो होतो’ म्हणून कोणी तो आकडा मागं सरकवला, तर बरोबर असलेली नोंद चुकीची होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या दिवशी पाऊस मोजलाच नाही, तिथं शून्य लिहू नका. शून्य म्हणजे कोणीतरी जाऊन पाहिलं आणि भांडं कोरडं होतं. रिकामा रकाना म्हणजे कोणी गेलंच नाही. समजा, आठवड्यात ०, १२, रिकामा, ४, ०, ३१, ३ अशा नोंदी आहेत. रिकाम्या जागी शून्य धरलं तर सरासरी ७.१ मिलिमीटर येते, सहाच दिवस धरले तर ८.३. आणि त्याहून वाईट म्हणजे, चुकलेल्या दिवसाचं पाणी भांड्यातच राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या मापात येतं. सुट्टीनंतरच्या सकाळी ७२ भरले, तर ते एका दिवसाचे की दोन दिवसांचे? हा प्रश्न साधा नाही. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की महसुली हिशेबात अतिवृष्टी होते, पंचनाम्याची गोष्ट सुरू होते. शाळेच्या वहीवरून पंचनामा होत नाही, खरं आहे. पण तुमच्यातलंच कोणी उद्या ग्राम महसूल अधिकारी होईल, कोणी सहायक कृषी अधिकारी. अशा आकड्यासमोर ‘दोन दिवसांचा मिळून’ असं स्पष्ट लिहा. मनानं दोन भाग पाडून दोन्ही तारखांना वाटू नका.

मोठा आकडा दिसला की दोन चुका होतात. एक म्हणजे त्याच्यावर डोळे झाकून विश्वास, दुसरी म्हणजे घाबरून तो खोडणं. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. देशातला नोंदलेला उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, ५१ अंश, २०१६ सालचा. त्याच नागपुरात दुसरीकडे पारा ४४च्या आसपास होता. हवामान खात्यानं तपासून सांगितलं की संवेदक बिघडला होता. आता दुसरी गोष्ट ऐका. २६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासूनच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला फक्त ७३. वहीत बसून पाहणाऱ्याला वाटलं असतं, ९४.४ मधलं टिंब राहून गेलं. पण विहार तलावाकडे त्याच दिवशी हजाराच्या वर पाऊस होता. आकडा खरा होता आणि त्या दिवशी माणसं बुडून मेली. म्हणून शेजारी विचारा, पण एकाच शेजाऱ्यावर थांबू नका.

आपलं डोंगरकडा महसूल मंडळ आहे. आखाडा बाळापूर, वारंगा फाटा ही शेजारची मंडळं. त्यांचे आकडे रोज आपल्या आकड्याशेजारी लिहा. एखाद्या दिवशी तिकडं ४० आणि आपल्याकडं शून्य असेल, तर गप्प बसा. वळवाचा पाऊस बांधाच्या एका बाजूला पडून दुसऱ्या बाजूला पडत नाही, हे तुमच्या आजोबांना विचारा. पण सलग पाच-सहा दिवस सगळे भिजतात आणि आपलंच केंद्र कोरडं, तर नरसाळ्यात पालापाचोळा नाही तर पाखरांची घाण अडकली आहे का, ते पाहायला सांगा.

भांड्याबद्दल एक सांगतो, हे सहसा कोणी सांगत नाही. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या पर्जन्यमापकात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. १०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाला १० मिलिलिटर. मोजायची काचनळी त्या त्या तोंडाचीच लागते. मूळ काचनळी फुटली आणि दुसऱ्या मापाची आणली, तर त्या दिवसापासून पाऊस निम्मा नाही तर दुप्पट होतो. एखाद्या वर्षी मध्येच सगळे आकडे असे बदलले, तर आभाळाआधी काचनळी तपासा.

जुन्या वह्या चाळताना हेही ध्यानात धरा : १ मे १९९९ पूर्वी हिंगोली जिल्हाच नव्हता, आपला कळमनुरी तालुका परभणीत होता. तेव्हाची ‘जिल्ह्याची सरासरी’ आजच्या हिंगोलीशेजारी ठेवू नका; तुलना तालुक्याची करा. त्याहून जुने आकडे इंचात असतील, त्यांना २५.४ नं गुणा.

सरासरी निघाली तरी तिच्यावर शेत पिकत नाही. दोन जुलै महिन्यांत पाऊस सारखाच, पण एकात तो चार दिवसांत पडून गेला आणि सोयाबीन वाळलं, दुसऱ्यात पंधरा दिवस रिमझिम झाली. म्हणून एकूण पावसाशेजारी दोन रकाने ठेवा : पावसाळी दिवस, म्हणजे किमान २.५ मिलिमीटर पडलेले. आणि पावसातला सगळ्यात लांब खंड. कोरडे दिवस निम्म्याहून जास्त असतील तर मध्यक शून्यच येईल. ते गणित चुकलेलं नसतं, महिनाच तसा गेलेला असतो.

मूळ वहीत खाडाखोड करू नका. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात, कारण आणि तारखेसह. आणि दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी पाळी लावून ठेवा, परतीचा पाऊस कधी कधी त्याच सुमाराला येतो. ज्याचं घर शाळेजवळ आहे त्याच्याकडे काचनळी द्या, आणि तो हळद पाहायला शेतात गेला तर दुसरा कोण, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा.