रेंज नसलेल्या पाड्यावर वेब ॲप कसे वापरावे

मागच्या पावसाळ्यात आम्ही तिघे कासा ओलांडून सायवनकडच्या एका पाड्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला गेलो होतो. आगरहून निघतानाच फोनवर अर्जाचे पान उघडून ठेवले होते. एका मुलीची सगळी माहिती भरून झाली, ‘जतन करा’ दाबले आणि पडदा पांढरा झाला. पाड्यावर रेंज नव्हती. भरलेले सगळे गेले. मुलीच्या आजीने त्या दिवसाची मजुरी सोडली होती. दाखले प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळत तिने विचारले, “झाला का भाऊ?” नाही म्हणायला जड गेले.

असे पुन्हा होऊ नये म्हणून हा पाठ.

वेब ॲप म्हणजे प्ले स्टोअरवरून न घेता क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये उघडून वापरायचे ॲप. साधे संकेतस्थळ प्रत्येक पान दूरच्या सर्व्हरकडून मागवते. रेंज गेली की ते मुके होते. ऑफलाइन चालणारे वेब ॲप मात्र पहिल्या भेटीतच आपली पाने आणि सूचना फोनमध्ये ठेवून घेते. हे काम सर्व्हिस वर्कर नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. तो ब्राउझर आणि नेट यांच्या मधे बसतो व पान मागितले की फोनमधल्या साठ्यातून काढून देऊ शकतो. ॲप तसे बनवलेले असेल तर आपण भरलेली माहितीही साठ्यात थांबते आणि रेंज आली की वर जाते. घरात कणगीत भात भरून ठेवतो तसेच हे. पण कणगी आधी भरावी लागते, म्हणजे ॲप पहिल्यांदा नेट असतानाच उघडावे लागते.

ही कल्पना जुनी आहे. गूगलने २००७ मध्ये गिअर्स नावाचे साधन याचसाठी काढले होते. ते मागे पडले. पुढे २०१५ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह वेब ॲप’ हे नाव आले.

आपले ॲप या जातीचे आहे का, हे पाड्यावर जाण्याआधी घरीच तपासा. ॲप नेटवर उघडा, लागणारी सगळी पाने एकदा पाहून घ्या. क्रोमच्या तीन ठिपक्यांत ‘होम स्क्रीनवर जोडा’ असेल तर जोडा, पण चिन्ह आले म्हणजे ॲप ऑफलाइन चालेलच असे नाही. खरी परीक्षा पुढे आहे: फ्लाइट मोड लावा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, एक खोटी नोंद भरून जतन करा. पुन्हा बंद करून उघडा. नोंद दिसली तर फ्लाइट मोड काढा आणि ती वर गेल्याची खूण येते का पाहा. मग ती खोटी नोंद पुसायला विसरू नका! आम्ही एकदा विसरलो होतो.

काही कामे ऑफलाइन होतच नाहीत. ओटीपी, आधारची पडताळणी, पैसे भरणे यांना त्याच क्षणी सर्व्हरचे उत्तर लागते. तिथे कागदावर माहिती लिहून आणणे हेच शहाणपण.

अंगणवाडीताईंचा अनुभव आपल्या जवळचा आहे. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले, तेव्हा ‘कॅस’ हे ॲप आले. ते वेब ॲप नव्हते, पण रीत तीच: वजन-उंची फोनमध्ये नोंदवायची, रेंजमध्ये आल्यावर ती वर जायची. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या ताईंनी फोन सरकारला परत केले. फोन कमी क्षमतेचे, ॲप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. मला ती पूर्ण रास्त वाटते. ऑफलाइनची सोय कितीही चांगली असली, तरी फोनमध्ये जागा नसेल आणि पडद्यावरची भाषा वाचता येत नसेल तर तिचा काय उपयोग?

जागेवरून आठवले. फोन भरला की पोरे ‘डेटा साफ करा’ दाबतात. त्याने वर न गेलेल्या नोंदीही पुसल्या जातात. गुप्त मोडमध्ये नोंदी भरू नका, तो बंद करताच साठा जातो. आणि एकाच मुलाची नोंद दोन फोनवर ऑफलाइन बदलू नका. अनेक ॲपमध्ये नंतर वर गेलेली नोंद आधीची पुसून टाकते. एक पाडा, एक फोन, असे आम्ही ठरवले आहे.

आश्रमशाळांच्या शिक्षकांसाठी: दीक्षा ॲपवरचे धडे आधी डाउनलोड करता येतात. किविक्स ॲपने मराठी विकिपीडिया फोनमध्ये उतरवता येतो. आयआयटी मुंबईने आपल्याच जिल्ह्यात खामलोलीच्या आसपासच्या सात गावांत दूरचित्रवाणीच्या मोकळ्या लहरींवरून नेट पोहोचवून पाहिले होते. तसे काही आपल्या पाड्यांवर येईपर्यंत हीच वाट.

त्या मुलीची माहिती आम्ही वहीत लिहून घेतली आणि रात्री आगरला परतल्यावर अर्ज भरला. पावतीची प्रत पुढच्या फेरीला आजीच्या हातात दिली.