पायी वारी आणि हातातील साहित्य

आषाढी वारीसाठी पायी निघणाऱ्या भाविकांत वयोवृद्धांची संख्या मोठी असते. आळंदीहून निघणारी श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे २५० किलोमीटरची वाट चालून पंढरपुरास पोहोचते. या वाटेवर कोणाच्या हाती टाळ, कोणाच्या खांद्यावर पताका, तर कोणाच्या मस्तकी तुळशीवृंदावन असते. चालण्याचे श्रम केवळ पायांवर नव्हे, तर हातात काय आहे यावरही अवलंबून असतात.

मोकळे हात : चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे येतो व शरीराचा तोल सहज राखला जातो. हात मुद्दाम स्थिर धरून चालल्यास सुमारे १२ टक्के अधिक ऊर्जा खर्ची पडते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

हातातील ओझे : हातात लोंबणारे ओझे पाठीवरील तेवढ्याच ओझ्यापेक्षा अधिक दमविते. शिवाय मूठ सतत आवळून धरल्याने रक्तदाब वाढतो. म्हणून पाण्याची बाटली व कपडे पाठीवरील पिशवीत ठेवावेत. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी हाती वजन घेऊन चालण्याचा व्यायाम वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये.

काठीचा आधार : फिनलंडमध्ये दोन काठ्या मागे रेटत वेगाने चालण्याचा व्यायाम रूढ झाला. त्यात खांदे व दंडही राबतात. त्यामुळे प्राणवायूचा वापर सरासरी २० टक्क्यांनी वाढल्याचे २००२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. मात्र चालणाऱ्यास थकवा त्या मानाने जाणवला नाही. वारकऱ्याच्या काठीचे कार्य निराळे आहे. ती श्रम वाढविण्यासाठी नसून भार वाटून घेण्यासाठी असते. दिवे घाटासारख्या चढणीवर ती तोल सांभाळते, तर उतारावर गुडघ्यांवरील ताण हलका करते.

एक गुडघा दुखत असल्यास काठी त्याच बाजूच्या हातात धरण्याकडे अनेकांचा कल असतो. ती विरुद्ध हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकावी. पादत्राणे घालून, हात सैल सोडून ताठ उभे राहिले असता काठीची मूठ मनगटाशी यावी. टोकास रबरी टोपण असावे.

नाहूर, भांडुप, मुलुंड परिसरातून वारीस जाणाऱ्या भाविकांनी प्रस्थानापूर्वी काही आठवडे, सपाट रस्त्यावर, याच काठीसह व याच पिशवीसह रोज चालण्याचा सराव करावा. हातातील टाळ मात्र खुशाल असू द्यावेत. विसाव्याच्या ठिकाणी ते खाली ठेवून मनगटांनाही विश्रांती द्यावी.