पिकअप सुटण्याआधी दोन मिनिटं

डहाणू-विक्रमगडकडून चिकू, भाजी घेऊन कांदिवलीला विकायला जायचं म्हणजे भाड्याचा पिकअप आलाच. भाडं ठरवताना आपण रुपया-रुपयाला घासाघीस करतो, पण गाडी कशी आहे ते विचारत नाही. म्हणून या वेळी स्टिअरिंग आणि गाडीचा तोल समजून घेऊ.

पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय?
चाक वळवायला ड्रायव्हरच्या हाताला मिळणारी मदत. काही गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर पंप चालतो आणि तेलाच्या दाबाने मदत मिळते. काहींत विजेची मोटर असते. तेल कमी झालं की वळताना घूं-घूं आवाज येतो. पट्टा सैल असेल तर किंचाळल्यासारखा आवाज येतो. गाडीखाली तेलाचे थेंब दिसले तर गळती तपासायला सांगा. पुढच्या टायरात हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड होतं, म्हणून आधी हवा बघा.

चालत्या गाडीत ही मदत बंद पडली तरी गाडी वळते, फक्त खूप जोर लागतो. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी धरून, वेग कमी करत गाडी कडेला घ्यावी. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणं तर फार धोक्याचं. स्टिअरिंग जड होतंच, ब्रेकची मदतही जाते.

तोल कोण सांभाळतं?
काही नव्या गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल असतो. गाडी घसरू लागली की तो एखाद्या चाकाला आपोआप ब्रेक लावतो. चावी फिरवल्यावर घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागलेलाच राहिला तर बिघाड असू शकतो. चाकांचं अलाइनमेंट केल्यावर असं झालं, तर स्टिअरिंगचा सेन्सर सेट करायला सांगा.

पण बऱ्याच पिकअपमध्ये ही सोय नसते. तिथे तोल आपल्या हातात. जड क्रेट खाली आणि केबिनकडे, हलकं वर, सगळं दोरीने घट्ट. मागच्या टोकाला वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. पावसात महामार्गावर हे जास्त जाणवतं. जास्त माल भरला तर स्टॅबिलिटी कंट्रोलही वाचवू शकत नाही.

आणि मालावर आपण बसायचं नाही. 11 ऑगस्ट 2025 ला, श्रावणी सोमवारी, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या महिलांचा पिकअप चढावर मागे येऊन दरीत कोसळला. अनेक बाया गेल्या. पिकअप मालासाठी असतो, माणसांसाठी नाही. भाडं वाचतं म्हणून जीव टांगणीला लावू नका.

पुढच्या सभेत करायचं काम
गटाच्या वहीत भाड्याच्या नोंदीशेजारी चार रकाने आखा: आवाज, तेलाचे थेंब, टायरची हवा, पिवळा दिवा. माल भरण्याआधी एका ताईने ते भरायचे. एकाही रकान्यात शंका असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत माल चढवायचा नाही. ड्रायव्हरदादांना रागाने नको, पण ठामपणे सांगा.